रणतरंगवरचा पहारा

३ ऑक्टोबर १९७१, रविवार

आजपासून मी बोटीवरचा माणूस, आणि तोही वयाच्या चौपन्नाव्या वर्षी! पार्ल्याची शाळा सोडली, मालाडला आलो. मार्वे रोडने बरेच पुढे गेले की खाडीलगत भर घातलेली जमीन आहे. तिथे एक लढाऊ जहाज उभे आहे. करडा रंग, डोलकाठी, तोफा, सगळे जागच्या जागी. फक्त खाली पाणी नाही, सिमेंटचे खांब आहेत. तोफा म्हणजे रंगवलेले नळ. नाव 'रणतरंग'. नौदलात जाऊ पाहणाऱ्या तरुणांना आमचे मंडळ इथे तयार करते. माझे काम दर रविवारी बोटीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, उभे राहून बोलायचे आणि खाली जमलेल्यांना नाव नोंदवायला लावायचे.

बोट बांधली ती गिल्बर्ट सुताराने. तो इथल्याच गावठाणातला. पहिल्याच भेटीत म्हणाला, की मास्तर, घाबरू नको रे, जगातली ही एकच बोट बुडायची नाय, वाळवी लागली तरच जाईल. पोट धरून हसलो.

शिकवायला काशीराम आहेत. मालवणचे, तीस वर्षे दर्यावर काढलेली. त्यांच्या लेखी ही बोट खरीच. फाटकाबाहेर चहाला जायचे तरी 'किनाऱ्यावर जाऊ का?' म्हणून परवानगी मागायची. मी विसरलो, म्हणून सगळ्यांदेखत तोफेभोवती दहा फेऱ्या मारल्या. झकास माणसे आहेत. इथे मन रमेल.

२४ ऑक्टोबर, रविवार

आज बोललो. समुद्राकडे पाठ करून बसलेल्या देशात गुलामी किनाऱ्यावरूनच चालत आली, हे पुराव्यानिशी मांडले. ज्याला ताटातला मासा हवा पण मुलगा दर्यावर नको, त्याने स्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत, असेही बजावले. अकरा तरुण पुढे आले.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरातला एक असा पुढे आला होता. जयवंत, आमचा एकुलता एक. मीच बोलून बोलून त्याला धाडले. सुगंधा तेव्हा म्हणाली होती, की तुमच्या जिभेला हाड नाही आणि मला दुसरे पोर नाही. आज त्याचे पत्र आले. लिहितो, की बाबा, सुट्टी मिळाली की तुमची बोट बघायला येतो, हसणार नाही म्हणून शपथ घेतली आहे.

१४ डिसेंबर

तार आली. लढाईत जयवंतची बोट बुडाली. वाचलेल्यांत तो नाही.

सुगंधा रडली नाही. तिने तारेची घडी घालून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, की करा आता भाषण.

१९ डिसेंबर, रविवार

केले.

विजयाची सभा होती. मैदान भरले होते. मी शोक करायला चढलोच नव्हतो. चारची हजेरी काशीराम घेतात. आज तक्ता मी मागून घेतला. सगळी नावे वाचली आणि शेवटी जयवंतचे वाचले. मग गर्जना केली, की भारताचा खलाशी जागा सोडत नाही! जयवंता, पुढे ये, या नाळेवर पहाऱ्याला उभा राहा, हा माझा हुकूम आहे!

टाळ्या थांबेनात. नऊ जणांनी नावे दिली.

काशीरामांनी टाळी वाजवली नाही. टोपी काढून जवळ आले. म्हणाले, की अण्णानु, ह्या काय केलात? बोटीवरसून दिलेलो हुकूम फुकट जाणा नाय. मी म्हटले, अहो, वक्तृत्व होते ते. ते म्हणाले, की बोटीक काय कळता वक्तृत्व?

२० डिसेंबर

दुपारी चार. लख्ख ऊन. नाळेवर पांढऱ्या गणवेशात एक जण पाठमोरा उभा. काशीरामांनी हजेरी घेतली. सगळे खाली रांगेत हजर. वरचा तिथेच.

सहाला तो दिसेनासा झाला. फळ्या ओल्या होत्या. गिल्बर्टने फळीला बोट लावून जिभेला टेकवले. खारट. त्याने छातीवर क्रूस काढला. थट्टा केली नाही.

२१ डिसेंबर

चारला पुन्हा. जवळ गेलो.

डाव्या कानामागे भाजल्याचा डाग. दोन वर्षांचा असताना माझ्याच हातून दुधाचे पातेले —

भर उन्हात त्याचे दात वाजत होते. केसांतून पाणी गळत होते. म्हटले, बाळा, पुरे, खाली ये. त्याने डोळे वळवले. ओळखले मला. पाय उचलला नाही.

मी देशाविषयी काही बोलू शकलो नाही.

२३ डिसेंबर

काशीरामांना विचारले, हुकूम मागे कसा घेतात. म्हणाले, की पहाऱ्याचो हुकूम मागे घेणा नाय. दुसरो इल्याशिवाय पयलो खाली उतरणा नाय.

नव्या नऊ जणांतला लवू ऐकत होता. म्हणाला, की अण्णा, मी राहतो ना उभा, तुम्ही फक्त सांगा. डोळे चमकत होते. माझ्याच भाषणाने.

मी त्याला हाताला धरून फाटकाबाहेर काढले. त्याची आई मी पाहिलेली नाही. पाहायची नाही.

२५ डिसेंबर

सुगंधाला आणले. लपवता आले असते.

खाली उभी राहून तिने दोन तास वर पाहिले. जाताना एवढेच म्हणाली, की त्याला थंडी वाजते हो.

पंचा घेऊन उद्या येणार आहे.

२६ डिसेंबर, चार वाजले

सभा रद्द. खाली फक्त सुगंधा. वही कठड्यावर ठेवून लिहितो —

शेजारी उभा राहिलो. काशीरामांनी सांगितले तसे म्हटले. पहारा माझा, तू मोकळा.

त्याचा पाय उचलला.

ओली पावले — शिडी — मी समोर पाहतो आहे. पहारेकऱ्याने समोरच —

फळ्यांवर पाणी. घोट्यापर्यंत. देवा, केवढे गार. आणि तो यात इतके दिवस —

वळून पाहिले. सुगंधाने पंचा उघडला. तो तिच्यापाशी पोचला. ती त्याचे डोके पुसते आहे. दोघे चालू लागले. वर पाहत नाहीत.

एकदा पाहा रे.

गुडघे — कंबर —

आयुष्यभर बोललो. आता एक नाव, एकदाच. पण इथून मारलेली हाक म्हणजे हुकूम. मारली तर तो पुन्हा वर —

तोंड डाव्या हाताने दाबून धरले आहे. नुसते लिहितो. लिहिलेले ऐकू जात नाही. ज —