दारातून न जाणारी सुसर

९ जून, सोमवार
सुसरीच्या पुतळ्याच्या पायांचे लोखंडी गज आज बाहेर फाकवून बांधले. संध्याकाळी मेघा ओरोसच्या कचेरीतून आली, पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "बाबा, पाय चुकले. हिचे पाय पोटाखाली, बैलासारके." उद्या बांधलेलं सगळं सोडायचं. चिडलो. पण लेक पुण्यात शिकली ते हेच, जुन्या जनावरांची हाडं; तिच्याशी वाद घालून करू काय.

मिठबावच्या बाबी शेठला लॉजच्या बागेत जनावर हवंय. डायनासोर सगळ्यांकडे झाले. मेघानेच सुचवलं, डायनासोर मोठे व्हायच्या आधीची, जमिनीवर चालणारी सुसर. शेठ खूश. "सुसर म्हणजे सुसर, करून टाक." नारळ-विडा आणि फणसाचा पाट घेऊन आला, घरच्या गणपतीसाठी आणतात तसा. मी घेतला. आमच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतो तिथे, एकदा पाट घेतला की त्यावर मूर्ती बसल्याशिवाय तो परत जात नाही. वडिलांपासूनची रीत.

१४ जून, शनिवार
मेघाला सुट्टी. दिवसभर माझ्याबरोबर. कागदावर काढून दाखवते, डोकं चपटं नको, उभट. दात सुरीसारखे. पाठ पुरुषभर उंच. जाळी बांधता बांधता बोलत होती, किती दिवसांनी. हाडांचे दगड कसे होतात, ते कसे ओळखायचे.

दोन वर्षांमागे माझा उजवा हात लुळा पडला तेव्हा तिला पुण्याहून बोलावून घेतली. शिक्षण अर्ध्यावर. हात सुधारला. ती परत गेली नाही, मीही जा म्हटलं नाही. हे इथे लिहितो. तोंडाने कधी...

३० जून, सोमवार
सिमेंट चढलं. पाऊस उसंत देत नाही, म्हणून सगळं शाळेच्या आतच केलं. शेपटी मागच्या भिंतीला टेकलीय. सुलूने चहा आणून दिला, जनावराकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "भायर खंयसून काढतलात?"
"आलं तसं जाईल," म्हटलं. बायकोला काय कळतंय यातलं.

११ जुलै, शुक्रवार
टेप घेऊन मोजलं. दार साडेपाच फूट. सुसरीची पाठ सहा.

दार वडिलांनी मुद्दाम बुटकं ठेवलेलं, गणपतीपुढे माणसाने वाकून यावं म्हणून. चाळीस वर्षं ह्याच दारातून मूर्ती काढल्या, सगळ्यात मोठी तीन फुटी. सुसर म्हणजे गुडघ्याएवढी, हेच डोक्यात. पाय सरळ केले तेव्हा दार आठवलंच नाही. अक्कल गहाण पडली होती, दुसरं काय.

आडवी करता येत नाही, पाय मोडतील. दारावरची भिंत फोडावी तर चिऱ्यांवर वासे टेकलेत, छप्पर खाली यायचं. आणि ह्या पावसात भिंत उघडी पडली तर गणपतीची माती सुकायची कुठे? सुलूला अजून सांगितलं नाही. तिला कळलंय.

१९ जुलै, शनिवार
शेठ आला. वाकून आत शिरला आणि कमरेवर हात ठेवून उभा. "अरे, सुसर कधी घोड्यासारी उभी रवता? पाय काप, पोटार बसव. लोकांका वळखूक येवक व्हयी. एकतीस तारखेक ट्रक घेवन येतंय."

तसं बघितलं तर बरोबर बोलतोय. पाय कापले की धड दारातून जाईल, बाहेर नेऊन पाय बाजूला फाकवून जोडायचे. शाळा मोकळी. सगळं सुटतं. मी हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही.

२४ जुलै, गुरुवार
मेघाला सांगितलं. वाटलं रडेल, भांडेल. चपाती मोडत म्हणाली, "कापा बाबा. गणपती थांबाचो नाय." मग हसली. "तश्यो जमिनीवरच्यो सगळ्यो गेल्योच. पाण्यात पडान रवल्यो त्योच उरल्यो."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. एकदा तिचं मोडलं ते मीच. आता तिने हौसेने सांगितलेलं जनावरही मीच कापायचं. 

२८ जुलै, सोमवार
आचऱ्याहून ग्राइंडरची चकती आणली. पुढच्या डाव्या पायावर खडूने खूण केली. मशीन लावलं आणि लाईट गेली. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

लाईट आली तेव्हा सुलू दारात. "आता ऱ्हवांदे. उद्या नागपंचमी. उद्या कापूचा नाय, खणूचा नाय."
म्हणजे पायही नाही, भिंतही नाही. एक दिवस मिळाला.

२९ जुलै, मंगळवार, नागपंचमी
गणपतीचे पाट शाळेत द्यायचा दिवस, सकाळपासून लोक पाट घेऊन हजर. बाहेर धो धो पाऊस, आत सुसर. वाडीतले दत्तू अण्णा वाकून आत आले, वर बघतच राहिले. "गणपतीचो उंदीर बदललस काय रे?" सगळे हसले. मीही हसलो. शरमेने कान तापले होते. पाट ठेवायला हातभर जागा नव्हती.

मेघाने रजा काढलेली. तिने अण्णांच्या हातातला पाट घेतला, खाली बसली आणि सुसरीच्या पोटाखाली सरकवला. मग दुसरा. चार पायांच्या मध्ये सत्तावीस पाट मावले, प्रत्येकावर नाव लिहिलेलं. वर कौल गळतंय, पाणी पाठीवर पडून बाजूने ओघळतंय. पाट कोरडे. पोटावर बसलेली असती तर एकही मावला नसता.

सगळे गेल्यावर तिला म्हटलं, "पुण्याक परत जा गो. मी माझा बघतंय."
ती ओल्या फडक्याने पायावरची खडूची खूण पुसत होती. बराच वेळ पुसत होती.
मग तिने विचारलं, "ट्रक एकतीस तारखेकच येतलो ना?"
"येतलो," म्हटलं, आणि ग्राइंडरची चकती काढून ठेवली.