एमिलीवहिनीचं अर्धं इंग्रजी

वसई, मे १९९९

प्रिय फ्रेडरिक यास,

जय ख्रिस्त. हे पत्र लिहायला तूच भाग पाडलंस. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर चारचौघांत तू म्हणालास म्हणे, "ताईने एमिलीवहिनीच्या इंग्रजीचं वाटोळं केलं." माझी पदवी अठ्ठावन्न सालची आहे आणि तेव्हा त्या वाटत नसत. तुझा गुडघा बरा असावा. (नसेल तर भोग. फुलपाड्यात तिसरा मजला घेऊ नकोस असं मी तेव्हाच बजावलं होतं.) आता काय घडलं ते नीट वाच.

एमिलीचा डेन्झिल कॅनडाहून दर रविवारी आईला फोन करतो. त्याची सहा वर्षांची ब्रेंडा इंग्रजीखेरीज काही बोलत नाही. आजी नुसती "हॅलो, हॅलो" करते म्हणून पोरगी फोनवर यायलाच तयार होईना. आपला भाऊ मार्सेल गेल्यापासून एमिली आठवडाभर त्या एका फोनची वाट बघते, हे तुला ठाऊक आहे. ती डोळे पुसत माझ्याकडे आली. मी तिच्यापुढे काळ, क्रियापदं, सगळं व्याकरण मांडलं. त्यातलं काही शिरेना. शेवटी तीच म्हणाली, "ताई, आपण रोझरीसारखं करूया ना. अर्धं तुम्ही म्हणा, उरलेलं मी." (रोझरीच्या प्रार्थनेत ती कधी चुकत नाही. तू मात्र मधेच पेंगतोस.) मला पटलं. मी "हाऊ आर यू?" विचारायचं, तिने म्हणायचं "फाइन, डार्लिंग." जेवलीस का, असं मी इंग्रजीत विचारलं की "येस, फिश करी." पाऊस आहे का, तर "नो, व्हेरी हॉट." बघता बघता अस्खलित झाली.

ब्रेंडाने मात्र क्रम पाळला नाही. मी रिसीव्हरला कान लावून बसले होते. तिने पहिल्यांदा विचारलं, तुझी मांजर कशी आहे? "फाइन, डार्लिंग." माझा दात पडला, तुला कळलं का? "येस, फिश करी." डॅडी लहानपणी शहाणा होता का? "नो, व्हेरी हॉट." मी कपाळाला हात लावला. पण पलीकडे पोरगी खदखदून हसत होती. आता दर रविवारी तीच बापाच्या मागे लागते आणि आजीला उलटसुलट प्रश्न विचारते. याला वाटोळं म्हणतात का? जे बोललास ते त्याच पायरीवर उभं राहून मागे घे.

तुझी,
व्हेरोनिकाताई

ता. क. मागच्या फोनवर ब्रेंडा "नॉक, नॉक" म्हणाली आणि गप्प राहिली. नॉक म्हणजे ठोठावणं, एवढं मला येतं. मी एमिलीला दारात कोण आहे ते बघायला पाठवलं. दारात कोणी नव्हतं. ब्रेंडा पुन्हा तेच म्हणाली, पुन्हा थांबली. एमिली रिसीव्हरवर हात ठेवून कुजबुजली, "ताई, तिनं तिचं अर्धं म्हटलंय. आपलं अर्धं काय?" मी म्हटलं, लाइन खराब आहे. पोरगी हिरमुसून निघून गेली.

आणखी ता. क. तुझा नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याला ते उरलेलं अर्धं विचार आणि रविवारच्या आत कळव. मी विचारलं हे एमिलीला सांगू नकोस. पायरीवर तर मुळीच नको.

आग्नेलच्या हाती दिलं: सुकेळीचे पुडे दोन (एक नातवाचा, उत्तर दिल्यावर), वाडीतलं केळफूल एक, तिकीट लावलेलं पाकीट एक. पाकिटावर पत्ता माझा आहे, एमिलीचा नाही.