टाकीतल्या कोंबडीसाठी नवस

३ मार्च
ईराचा फोन. भारतात अजून पक्के नियमच नाहीत म्हणे! नियम होईपर्यंत तिची कंपनी इंदूरला कारखाना काढणार नाही, आणि तोवर माझी मुलगी सिंगापूरलाच. इंदूर! म्हणजे सकाळी उज्जैनहून निघायचं, रात्री जेवायला घरी. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

५ मार्च
धीर करून विचारलं, नक्की करता काय गं तुम्ही? तर कोंबडी न मारता तिच्या पेशी घ्यायच्या, टाकीत वाढवायच्या, त्याचं मांस. म्हणजे विरजणच की! "आई, तुझं दही बिघडलं तर कढी करशील. इथे जंतू शिरला तर पूर्ण टाकी फेकायची." पेशी कुठल्या, वाढवायला काय घातलं, त्यातलं मांसात काय उरलं — सगळं सरकारला सिद्ध करून द्यायचं. तेच हिचं काम. हुशार आहे माझी पोर! पण फोन ठेवला की घर खायला उठतं.

९ मार्च
यांना सांगितलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. म्हणाले, "पाकिटावर ठिपका कोणता लागेल? हिरवा की लाल?" मी म्हटलं, लेक घरी येणार असेल तर कुठलाही लागू दे!

१४ मार्च
हे रोज सकाळी मोबाइलवर नियमांची बातमी शोधतात. मला दिसू नये म्हणून पाठ फिरवून.

१६ मार्च
शेजारच्या जयूताई — "बेटी कब आ रही है?" काय सांगू? सरकार मीट का नियम बनाएगी तब?

२२ मार्च
एकटीच भैरवगढला गेले. कालभैरवापुढे हात जोडले — देवा, ईराच्या मांसाला परवानगी मिळू दे, दारूची बाटली चढवीन. मी! जन्मात बाटलीला हात लावला नाही, आणि मागितलं काय, तर मांस. आधी हसू आलं, मग तिथेच रडू. फार आठवण येते तिची.

२७ एप्रिल
परवानगी मिळाली! ईरा फोनवर ओरडतच होती. मी यांना हाक मारली, "अहो, इंदूर!" तर ती म्हणाली, "आई, इंडिया नाही गं. ऑस्ट्रेलिया. कारखाना तिथेच काढताहेत, मला पाठवताहेत."

अभिनंदन म्हटलं. देवाला देशाचं नाव सांगायचंच राहिलं.

नवस तर फेडायलाच हवा. बाटली घ्यायला हे गेलेत.