झाकणातली पांढरी पूड

सिदी बर्रानी छावणी,
४ फेब्रुवारी

ती. घादाताईस,
धाकट्याचा सलाम, वि. वि.

इथे आल्या दिवशीच फोन काढून घेतले, तेव्हा आता माझं अक्षर सोसायची तयारी ठेव. पत्रांची गाडी आठवड्यातून एकदा जाते. जूनपर्यंत रजेचं नावही काढायचं नाही.

एक काम सांगतो, हसू नकोस. माझा पाली पाळणारा दोस्त शनूदा एप्रिलमध्ये कायमचा कॅनडाला चालला आहे. जायच्या आधी तो त्याचा नर, पाशा, दोन महिने आपल्याकडे ठेवायला तयार आहे. झिब्दा आता पाच वर्षांची झाली. या वर्षी जुळलं नाही तर तिला पिल्लं व्हायची नाहीत. माझ्या नापास होण्याच्या आठवड्यात बाबांनी शुक्रवारच्या बाजारातून खिशात घालून आणलेली ती ठिपकेदार पाळीव पाल, तुला सगळं माहीत आहे. बाबांनी दिलेलं माझ्याकडे दुसरं जिवंत काही नाही.

पाशा आल्या आल्या त्याला तिच्याजवळ नेऊ नकोस. महिनाभर वेगळी पेटी, वेगळी खोली. काही रोग असेल तर तेवढ्यात कळतो. झिब्दा पन्नास ग्रॅमच्या वर हवी. आईच्या काट्यावर तोल, पण आईला कळू देऊ नकोस. मग पाशाला तिच्या पेटीत सोड आणि समोरून हलू नकोस. तो शेपटीचं टोक थरथरवेल, तिची मान दातांत धरेल, ते चालायचंच. पण तिने शेपटी उंच करून सावकाश डोलवली तर ती चिडली आहे असं समज आणि त्याला लगेच बाहेर काढ.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बाटलीच्या झाकणातली कॅल्शियमची पांढरी पूड रोज भरलेली हवी. अंड्याचं कवच त्यातून होतं. ती मिळाली नाही तर शरीर हाडांतून काढून घेतं आणि मादी मरते.

राग येईलच तुला, पण माया त्याहून चार गुंजा जास्त असू दे.
बासिम

---

मुहर्रम बेक, अलेक्झांड्रिया,
९ मार्च

चि. बासिम यास अ. आ.

तुझ्या जावयाला परवा सासरी पोचवला. आठवीच्या पन्नास मुलींचा वर्ग मी रोज गप्प बसवते, पण त्या पेटीसमोरून मी दोनदा परत फिरले.

झिब्दा त्रेपन्न ग्रॅम भरली. पाशाला सोडला तर तो दगडासारखा बसून राहिला. मग शेपटी थरथरायला लागली, वाटाणे हलवल्यासारखा आवाज. झिब्दाने मागे वळून पाहिलं आणि शेपटी उचलली. ती उंच म्हणायची की अर्धी, हेच मला कळेना. हात आत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. तेवढ्यात त्याने तिची मान धरली. मी रक्त शोधत होते आणि फातिहा पुटपुटत होते. मिनिटभराने दोघं वेगळी झाली. रक्त नव्हतं. पाशाला उचलून त्याच्या पेटीत ठेवला, मग जमिनीवरच बसले.

आई त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत येत नाही. पाल मिठात लोळते आणि ते मीठ खाल्लं की अंगावर कोड उठतं, हे तिने तिच्या आजीकडून घेतलंय. पाशा आल्यापासून स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर झाकण, झाकणावर बशी आणि बशीवर खलातला बत्ता असतो. मुलुखियाची पातळ भाजी अळणी झाली तरी कुणी मीठ मागायची सोय नाही.

पूड मी शाळेत जाताना भरते आणि संध्याकाळी झाकण चाटूनपुसून लख्ख. तुझी लाडकी चांगलीच खादाड आहे.

तब्येत जप, आणि बहिणीला फक्त पालींपुरती आठवू नकोस.
घादा

---

मुहर्रम बेक,
३ एप्रिल

चि. बासिम यास अ. आ.

कसं लिहू कळत नाही. झिब्दाने परवा ओल्या मातीत दोन अंडी घातली. एक घट्ट आणि पांढरं आहे. दुसरं पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत, ते संध्याकाळपर्यंत बसलं.

कालपासून झिब्दाला पोट उचलता येत नाही. मागचे पाय थरथरतात, बोटं आपोआप वळतात. डॉक्टरांनी जबडा दाबून पाहिला तर तो रबरासारखा वाकला. हाडांत चुना उरलाच नाही म्हणाले. द्रावण दिलंय, दिवसातून तीनदा थेंबाथेंबाने तोंडात. जगेल का विचारलं तर आठवडाभर थांबा म्हणाले. मी पूड रोज भरत होते रे, एक दिवस चुकवला नाही.

घादा

---

सिदी बर्रानी छावणी,
१० एप्रिल

ताई,

झिब्दा ते झाकण आठवड्यात अर्धंसुद्धा संपवत नाही. पाच वर्षं मी भरतोय, मला माहीत आहे. रोज लख्ख व्हायला ती काय मांजर आहे? भरायला विसरलीस तर विसरले म्हण. खोटं का लिहितेस? एवढं एकच काम सांगितलं होतं. बाबा असते तर त्यांनी केलं असतं.

बासिम

---

मुहर्रम बेक,
२२ एप्रिल

चि. बासिमला आईचे अ. आ.

मी पत्र लिहिल्याला वर्षं झाली, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

तुझं पत्र घादाने वाचलं आणि ती भांडी घासायला बसली. स्वच्छ भांडी पुन्हा घासत होती. मग मी तिला सांगितलं, आता तुला सांगते. पाशा आल्यापासून ते झाकण मी रिकामं करत होते. ती शाळेत गेली की हातमोजे घालायचे, उंबरा ओलांडायचा, झाकण उचलायचं, मोरीत ओतायचं, धुऊन जागेवर ठेवायचं. मला वाटलं, पोराला अक्कल नाही, पालीच्या तोंडासमोर मीठ ठेवून गेलाय. घरात लग्नाची मुलगी, उद्या तिच्या गालावर डाग उठला तर? तुम्हाला विचारलं असतं तर दोघं हसला असता. म्हणून विचारलं नाही.

बहिणीला आधी पत्र लिही आणि माफी माग. मला नंतर लिहिलंस तरी चालेल.

दुपारचं औषध माझ्याकडे आहे, घादा शाळेत असते ना. पहिल्या दिवशी हातमोज्यांतून झिब्दा निसटायला लागली आणि तो मऊ जबडा मोडेल असं वाटलं. मोजे काढले. उघड्या बोटांनी तिला धरलं. चौथ्या दिवशी तिने माझ्या अंगठ्यावरचा थेंब स्वतः चाटला. तुझे बाबा तिला गंजिफ्रॉकवर बसवून फुटबॉल ऐकायचे आणि मी त्यांना तीनदा हात धुतल्याशिवाय ताटावर बसू देत नसे. ते हसून धुवायचे. ते माझ्या मनाला आता फार लागतं.

काल ती चार पायांवर उभी राहिली. पोट जमिनीला लागत नव्हतं. आज एक नाकतोडा धरला. घादाने उरलेल्या अंड्यामागे दिवा धरून मला दाखवलं, आत लाल रेघा आहेत. पाशा शनूदाकडे परत गेला.

रोज सकाळी मी हात खिडकीशी नेऊन पाहते. अजून डाग नाही. आपलं मीठ मी झाकूनच ठेवते, ती सवय माझ्याबरोबरच जाईल. तुझं झाकण मात्र आता मीच भरते, आणि उघडं ठेवते.

तुझी आई