पिंजऱ्यावरचं वय

प्रिय दादा,

सकाळपासून तीनदा चहा ठेवला आणि तीनदा उतू घालवला. परवा तू फोनवर सांगितलंस की सोमवारी ते नवं इंजेक्शन घेणार, प्रतिकारशक्तीला चेतवून गाठीवर सोडणारं. नाव ऐकून मी तोंड भरून म्हणाले, हे तर आमच्याच प्रयोगशाळेतून पुढे गेलंय, डोळे मिटून घे. तेव्हापासून जिवाला चैन नाही.

तू मला उंदरांची मावशी म्हणतोस. म्हण बापडा. पण एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. आमच्याकडे औषध टोचतात ते दोन-अडीच महिन्यांच्या, एकाच वाणाच्या तरण्याताठ्या उंदरांना. माणसांत ती कॉलेजातली पोरं झाली, आणि तू अडुसष्टचा. त्यात आपल्या घरचं रक्त. बाबांना मुंगी चावली तरी हात कोपरापर्यंत सुजायचा, तुझंही तेच. औषध एकच असलं तरी अंग ज्याचं त्याचं, आणि ते वयाबरोबर बदलतं. हे मी फार वाईट तऱ्हेने शिकले.

दोन वर्षांपूर्वी तरणे उंदीर वेळेवर आले नाहीत. आमचे प्रयोगशाळेचे सर परगावी होते. मी अतिशहाणपणा करून पैदाशीतून काढलेले म्हातारे उंदीर त्या पिंजऱ्यांत घातले आणि पिंजऱ्यांवरच्या कार्डांवर तरण्यांचंच वय तसंच ठेवलं. औषध हेच. तिसऱ्या दिवशी आठांपैकी सहा मेलेले होते, उरलेले दोन कोपऱ्यात थरथरत होते. माझं धाबं दणाणलं. पाण्याच्या बाटल्या गळून पिंजरे भिजले आणि उंदीर गारठून मेले, असं मी लिहून दिलं आणि सगळ्यांना ते पटलं. मग आठ नवे तरुण आले, ठणठणीत राहिले, आणि औषध पुढे गेलं.

आज सरांना सगळं सांगून टाकलं. ते रागावलेसुद्धा नाहीत, फक्त जुनी कार्डं मागितली. नोकरीचं व्हायचं ते होईल. उंदरांवरून माणसाचं ठाम सांगता येत नाही, कदाचित तुला काहीच होणार नाही. डोस कमी करायचा की थांबायचं, ते तुझे डॉक्टर ठरवतील. पण माझ्या खोटेपणामुळे त्यांना हे कुठल्याही कागदावर सापडणार नाही. म्हणून हा कागद लिहिला. उद्या वहिनी येतेय, तिच्या हाती देते. हे पत्र खरं तर तुझ्या डॉक्टरांसाठी आहे. ते वाचेपर्यंत दंड पुढे करू नकोस. नंतर हवं तर आयुष्यभर माझ्याशी बोलू नकोस, पण तेवढं आयुष्य तुला मिळू दे.

तुझंच,
शेंडेफळ