अर्धलीची शेळी आणि माळेगावचे घोडे

१५ ऑक्टोबर
आजपासून छंद. अंगदने पुण्याहून त्याचा जुना कॅमेरा पाठवला. आईला विरंगुळा, असं चिठ्ठीत लिहिलंय. विरंगुळा वगैरे काही नाही. मी हे रीतसर करणार.

विषय ठरवला: पाळीव प्राणी आणि घोडे. फुलं सगळेच काढतात आणि माणसं ऐकत नाहीत. प्राण्यांना शिस्त लावता येते. मुलींच्या वसतिगृहाची वीस वर्षं रेक्टर होते, नुसत्या नजरेने व्हरांडा गप्प व्हायचा. तिथे कुत्र्याचं काय.

ध्येय: डिसेंबरअखेर माळेगावची यात्रा, घोड्यांचा बाजार. सत्यशीला नांदेडला असते, कॉलेजपासूनची एकुलती टिकलेली मैत्रीण. तीन दिवस तिच्याकडे राहायचं, रोज बाजारात जायचं. ह्यांच्याशिवाय. लग्नानंतर ह्यांच्याशिवाय मी कुठे कुठे गेले ते आठवून पाहिलं. दवाखाना आठवला.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, मंग माझ्या जेवणाचं? म्हटलं, शिका. वेळ भरपूर आहे.

१९ ऑक्टोबर
पहिलं सत्र. शेजारच्या प्रियदर्शनीचा कुत्रा, ब्रूनो. बस म्हटलं, उभा राहिला. उभा राहा म्हटलं, झोपला. बऱ्याच फोटोंत फक्त मागची बाजू आहे. एकात डावा कान उत्तम. ह्याला कँडिड म्हणतात.

प्रियदर्शनी म्हणाली, मावशी, किती हो आवड तुम्हाला जनावरांची! आवड नाही, अभ्यास आहे, असं स्पष्ट सांगितलं. घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली. केस फार उडतात.

३० ऑक्टोबर
प्रियदर्शनी दिवाळीला माहेरी आष्टीला चालली. एसटीत कुत्रा घेत नाहीत. म्हणाली, मावशी, चारच दिवस ठेवता का? तुमचे फोटो पण होतील.

नाही म्हणायला मला कुणी शिकवावं लागत नाही. पण विचार केला, मॉडेल चोवीस तास घरात. मोठ्या फोटोग्राफरनाही हे मिळत नाही. ठेवून घेतला. ही पहिली आणि शेवटची वेळ.

२ नोव्हेंबर
फटाके. ब्रूनो पलंगाखाली. पलंगाखालचा फोटो काढला: काळोख आणि दोन हिरवे ठिपके. हे म्हणाले, फ्लॅश मारू नको, चावल. मारला. चावला नाही. कॅमेऱ्याचा पट्टा खाल्ला.

११ नोव्हेंबर
प्रियदर्शनी अजून आष्टीतच. आईचा गुडघा. फोनवर म्हणाली, मावशी, तुमच्याकडं हाय म्हणून मी निर्धास्त हाय.

त्यात कोपऱ्यावरचा किराणावाला राधेश्याम आला. बहिणीच्या लग्नाला राजस्थानात चालला. पिशवीत मांजर. म्हणाला, मॅडम, तुमच्याकडं बराबर माहौल आहे, आमची मनी दुकानात एकटी रडून रडून मरेल. म्हटलं, हे घर आहे, धर्मशाळा नाही. तो म्हणाला, बिलकुल, बिलकुल, म्हणूनच तर आणली.

कुत्रा-मांजर एकत्र, 'मैत्री' ही मालिका करता येईल. पहिला फोटो: मनी कपाटावर, ब्रूनो कपाटाखाली, मधे माझा फुटलेला फ्लॉवरपॉट.

१३ नोव्हेंबर
कडक उपाय. गेटवर पाटी लावली: येथे प्राणी सांभाळले जात नाहीत. 
संध्याकाळपर्यंत दोघे जण चौकशी करून गेले. पाटी लागली म्हणजे सोय असणार, असं त्यांचं म्हणणं.
पाटी काढली.

२० नोव्हेंबर
आज घोडा. म्हणजे घोडी, वरातीची. गल्लीतून जाणार हे कळताच कॅमेरा घेऊन ओट्यावर उभी. घोडीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी घरात आले. भीतीचा प्रश्न नाही. अंतर राखल्याशिवाय मोठा प्राणी फ्रेममध्ये मावत नाही.

खिडकीतून काढलेला फोटो: शेपटीचा झुपका आणि बँडवाल्याचा गाल. गाल शार्प आला आहे. माळेगावला मोकळं मैदान असतं, तिथे जमेल.

२४ नोव्हेंबर
छंदातला सर्वोत्तम दिवस. मेथी-कोथिंबीर विकणारी चांगुणाबाई आहे, तिच्याकडे पांढरी शेळी आहे असं कळलं होतं. घेऊन ये म्हटलं. आणली.

पांढरी शेळी, मागे पांढरी भिंत. चुन्यात चुना. मग डोकं चालवलं. शेळीच्या कपाळाला कुंकू लावलं, रंग उठला. मान खाली यावी म्हणून पुढे पाण्याची बादली ठेवली. चांगुणाबाई मधे येत होती म्हणून तिच्या हातून दावं स्वतः धरलं. शेळी पाणी प्यायली. फोटो झकास, चारही पाय आहेत.

समोरच्या गिरिजाबाई आणि त्यांची सून ओट्यावर उभ्या राहून पाहत होत्या. कलेची कदर हळूहळू होते आहे. चांगुणाबाई मला हात जोडून निघून गेली. शेळी न्यायला संध्याकाळी येईल.

२५ नोव्हेंबर
आली. न्यायला नाही, शेळीला काय चारायचं ते सांगायला.

म्हणाली, मॅडम, शेळी दिली ना तुम्हाला अर्धलीनं. पाणी पाजलं, कुंकू लावलं, दावं हातात घेतलं, गिरिजाबाईनं बघितलं. आता काय ऱ्हायलं?

अर्धली म्हणजे शेळी तिची, सांभाळायची मी, पिलं झाली की निम्मी निम्मी. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माझे वडील दरवर्षी अशाच शेळ्या द्यायचे, आई असंच कुंकू लावायची. काल मी फोकस पाहत होते.

वसतिगृहातल्या आवाजात सांगितलं, आत्ताच्या आत्ता घेऊन जा. चांगुणाबाई म्हणाली, वरडू नका मॅडम, गाभण हाय ती.

आणि म्हणाली, कुंकू लावून दारात घेतलेली गाभण शेळी माघारी धाडली तर लोक काय म्हनतेल? मॅडमला पोटुशी जड झाली म्हनतेल. गिरिजाबाईंनी समोरून मान हलवली. त्यांचा संबंध काय?

किती दिवस, ते विचारलं. म्हणाली, ही न्हाई, पुढल्या अमावस्येच्या मागं-पुढं. माळेगावची यात्रा त्याच अमावस्येला असते. शेळीला तसं समजावून सांगितलं आहे.

५ डिसेंबर
सत्यशीलाचा फोन. म्हणाली, खोली झाडून ठेवली, पण तू येती का नुसतंच येते येते म्हणती? कॉलेजातपण तू अशीच होतीस, सहलीचे पैसे भरायची आन घरीच ऱ्हायची. मी म्हटलं, गल्लीतला कचरू जीप घेऊन यात्रेला चाललाय, पुढची सीट माझी. ठरलंय.

ती म्हणाली, बघू. तिचा हा 'बघू' मला चाळीस वर्षं आवडत नाही.

१२ डिसेंबर
ह्यांचं प्रशिक्षण सुरू. फ्रिजवर वेळापत्रक. सकाळी शेळीला पाला, मग ब्रूनोला फिरवणे, मनीला दूध, कारण राधेश्याम अजून राजस्थानातच. शेळीने वेळापत्रक खाल्लं. हे म्हणाले, आता मला काय करायचं ते कसं कळंल? आणि झोपले.

१८ डिसेंबर
आनंदाची बातमी. प्रियदर्शनी परत आली, ब्रूनोला घेऊन गेली.

त्याच दिवशी, संध्याकाळी: ब्रूनो गेटवरून उडी मारून परत. प्रियदर्शनी म्हणाली, मावशी, त्याला तुमचाच लळा लागला बघा, तोडवत न्हाई मला. लळा नाही, शिस्त. म्हणून तर म्हटलं, प्राण्यांना शिस्त आवडते. आत्ता माझ्या उशीवर झोपला आहे.

२७ डिसेंबर
बॅग भरली. दोन साड्या, कॅमेरा, चार्जर, दशम्या. उद्या सकाळी साडेनऊला जीप.

चांगुणाबाईने शेळीच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, आज-उद्या. मग तू येऊन थांब, मी म्हटलं. ती म्हणाली, मी तर पोरीकडं शहागडला चालले, तिची पन येळ हाय. मॅडम, शेळी सवयीच्या माणसाजवळच मोकळी होती. परकं दिसलं की कळा धरून ठिवती. पिलू आतच दगावतंय मंग, शेळी बी जाती.

ह्यांना शेळीजवळ उभं करून पाहिलं. शेळी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. हे पण.

तरी मी जाणार. प्रसूती काय, उद्या दुपारनंतरही होऊ शकते.

२८ डिसेंबर, सकाळी सात
पाला खात नाही. उठते, बसते.

आठ
हे म्हणाले, तू जा, मी बघतो. शेळी ओरडली. हे स्वयंपाकघरात गेले.

साडेनऊ
कचरूने हॉर्न वाजवला. मी बाही वर खोचून खाली बसलेले. हे गेटवर गेले, परत आले, म्हणाले, सीट वाया जाईल. मी शेळीची पाठ चोळत राहिले. हे म्हणाले, कॅमेरा पण नेतो, तुझ्यासाठी फोटो काढून आणतो. माझी बॅग रिकामी करून त्यात स्वतःचे कपडे भरले. इतक्या चपळाईने निघालेले मी ह्यांना लग्नातही पाहिले नव्हते.

दशम्या पण नेल्या.

संध्याकाळी
दोन पिलं. एक पाट म्हणजे मादी, एक बोकड. दुसऱ्याचा पाय अडकला होता, सोडवला. शेळी बरी आहे. हात तीनदा धुतले.

चांगुणाबाईला कळवलं. तिलाही नात झाली. म्हणाली, बोकड तुमचा, पाट माझी. पन दूध तुटूस्तोर दोन्ही आईपाशीच ऱ्हातेल. आईपाशी म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

३० डिसेंबर
सत्यशीलाचा फोन. बद्रीनाथराव, म्हणजे आमचे हे, मजेत हायत म्हणाली. तिच्या हातची भाजी आवडली. घोडेवाल्यांशी दोस्ती झाली. मग म्हणाली, तू यायला पाहिजे होतीस गं.

ह्यांनी कॅमेऱ्यातले फोटो तिच्याकडून मोबाइलवर पाठवले. खूप. पहिला उघडला. पांढरा घोडा, चार पाय, दोन कान, मान वर. खोट काढायला मोठा करून पाहिला. डोळ्यात यात्रेतली तंबूंची पालं दिसत होती.

खाली ह्यांचं लिहिणं: सोपं हाय गं हे. तिकडं सगळं नीट ना? मंग अजून चार दिवस थांबतो.

तेवढ्यात पाहिलं तर अंगणात उन्हात शेळी, दोन्ही पिलं, ब्रूनो आणि मनी, सगळे एका रांगेत, गप्प, माझ्याकडे तोंड करून. मोबाइल धरला. बटण दाबलं. जागा शिल्लक नाही, असं आलं. ह्यांच्या घोड्यांनी भरला होता.

म्हटलं, एक घोडा काढून टाकावा. एकेक पाहत गेले. कोणता काढावा ते ठरेना. सगळे चांगले आले आहेत.