हरायला एक माणूस पाहिजे

पानशेत, सोमवार

साहेब म्हणे, सामन्यात एकटाच माणूस असला तर तो पहिला कसा येईल. गेल्या सालीबी हे, तुझे दाजी, एकटेच होते; कप देताना ह्याच साहेबांनी टाळ्या वाजवल्या, तवा न्हाई सुचलं. फिरोज, सलाम तुला, सबिहाला आन् पोरांना दुवा. तुझी कंबर बरी असंल असं धरून चालते, कारण तुझ्याकडं काम हाय.

तुझे दाजी ज्या बंगल्यावर राखणीला हायेत, तिथल्या साहेबांनीच त्यांना चाकाचं धनुष्य शिकवलं, दोन्ही टोकांना चाकं आन् त्यांवरून दोरी. तवा सगळेच बोटांनी दोरी ओढायचे आन् नुसत्या डोळ्यांनी नेम धरायचे. आता पुण्याची मंडळी मनगटाला बटण बांधून येतात, धनुष्याला नेमाचं भिंग, बटण दाबलं की बाण सुटला. (मग तुमी कशाला येता, धनुष्यालाच गाडीत बसवून पाठवा, असं मी बोलले. कुणी हसलं न्हाई.) साहेबांनीबी बटण घेतलं आन् आपलं जुनं धनुष्य ह्यांना दिलं. ह्यांनी एकदा बटण लावून बघितलं. दोरी ताणलेली, गालावर माशी बसली, बोट हाललं आन् बाण थेट छपरावरच्या टाकीत. खाली साहेब साबण लावून बसलेले, नळ कोरडा. तवापासून हे परत बोटांवर, माझ्या जुन्या चपलेचं चामडं बोटाला गुंडाळून, आन् लई खुशीत. संध्याकाळी ते गवताच्या भाऱ्यावर बाण मारतात, मी भाकरी थापते. घरात भांडण म्हणून न्हाई.

बोटवाल्यांत दुसरा होता गेनबा. त्याची बोटं सुजली, म्हशीची धार काढता येईना, बायकोनं धनुष्य माळ्यावर टाकलं. आता साहेब म्हणतात, ह्या रविवारी सामन्याला दोघं नसले तर बोटांचा गट कायमचा बंद. ऐकल्यापासून ह्यांचं चित्त थाऱ्यावर न्हाई. कालवणात मीठ न्हाई हेबी बोलले न्हाईत. मला ते बघवत न्हाई.

तर तू ये. मटण करते.

तुझी आपा,
रहमतबी

ता.क. सराव करू नको. लहानपणी चिंचेला मारलेला दगड तू आपल्याच कौलांवर पाडायचास, तेवढं पुरं हाय.

आणखी एक. मीच उभी राहिले असते. हे बाजाराला गेले तवा ओढून बघितलं. आधी जड लागतं, चाक फिरलं की हलकं. मारले तेवढे सगळे भाऱ्यावरच्या कागदाच्या मधल्या पिवळ्या गोलात. ह्यांचा एखादा जातो, तोबी वारा नसला तर. म्हणून तूच पाहिजेस, तुझ्यावर माझा पुरा भरवसा हाय. ह्यांना बोललास तर बघ. जुम्म्याच्या आत मानसिंगच्या टेम्पोबरोबर हो म्हणून निरोप धाड.